पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांची नावे मंडळीच्या सभासद यादीत ठेवावीत का?

कृष्णाकाठ, सांगली जिल्हा

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेतील जुनी मंडळी (चर्चच्या सभासदांचा स्थानिक समुदाय) आहे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात सुरू केलेले मिशनकार्य १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे आले आणि पुढे ते कृष्णा-वारणेच्या काठावरील गावांपर्यंत पोहोचले. आमच्या पणजोबांच्या पिढीने त्या कार्यातूनच ही मंडळी उभी केली. आज परिस्थिती अशी आहे की रविवारच्या उपासनेला बाकांवर प्रामुख्याने वयस्कर माणसे, स्त्रिया आणि शाळकरी मुले दिसतात. कमावत्या वयाची बहुतेक माणसे पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई येथे आहेत, आणि परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आमच्या कित्येक मुली त्याहूनही दूर, आखाती देशांत नोकरी करीत आहेत.

अडचण वार्षिक सभेची आहे. आमच्या नियमानुसार सभेची गणसंख्या (कोरम) सभासद यादीवरील एकूण नावांच्या प्रमाणात धरली जाते. यादीतील निम्म्याहून अधिक नावे बाहेरगावी राहणाऱ्यांची असल्यामुळे गावातील एकूण एक सभासद हजर राहिला तरी गणसंख्या पूर्ण होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. याउलट, चर्चच्या आवारातील जागेसारखा वादाचा विषय निघाला की बाहेरगावचे सभासद गाड्या करून येतात, मतदान करतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांनी ठरवलेल्या गोष्टीचा भार मात्र वर्षभर येथील माणसांना उचलावा लागतो. जे दर शनिवारी चर्च झाडून घेतात, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाळकांबरोबर प्रभुभोजनासाठी (भाकर व द्राक्षारसाच्या विधीसाठी) जातात आणि दफनाच्या वेळी भर पावसात उभे राहतात, त्यांच्या मताला काही वजन असावे, असे मला मनापासून वाटते. पण यादीतून नावे कमी करण्याचा विषय काढताच घराघरांतील आया कष्टी होतात. त्यांच्या दृष्टीने ते मुलाला मंडळीतून काढून टाकणेच ठरते.

नावे कमी करावीत का, केल्यास तो अधिकार कोणाचा, आणि मतदानाच्या हक्काचे काय करावे, याविषयी अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे. येत्या सभेत नवीन वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची, निवडही व्हायची आहे.

जुना चिटणीस, मिरज

सलाम. मी अनेक वर्षे आमच्या मंडळीचे दप्तर सांभाळले आहे, त्यामुळे प्रथम दप्तराविषयीच लिहितो. कारण अशा बहुतेक वादांच्या मुळाशी निरनिराळ्या नोंदवह्यांची सरमिसळ असते, असा माझा अनुभव आहे.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या घडलेल्या गोष्टींच्या असतात. त्यांतील नाव कोणीही, कधीही कमी करू शकत नाही. एखाद्या बालकाचा बाप्तिस्मा तुमच्या चर्चमध्ये झाला असेल, तर ते पुढे जगाच्या पाठीवर कोठेही गेले तरी त्याची नोंद तुमच्याच वहीत राहणार. सभासद यादी ही निराळी गोष्ट आहे. प्रभुभोजनात भाग घेणारे आणि मंडळीच्या कारभाराची जबाबदारी उचलणारे आज कोण आहेत, एवढेच ती सांगते, आणि म्हणून ती वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. आया कष्टी होतात याचे कारण या दोन वह्या लोकांच्या मनात एकच झालेल्या आहेत. सभेपूर्वी एखाद्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही सर्वांसमोर उघडून दाखवावी आणि या वहीला कोणीही हात लावणार नाही, असे स्पष्ट सांगावे. निम्मी भीती तेथेच दूर होईल.

आता अधिकाराविषयी. प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळी आपले वडील निवडते आणि पाळक व वडील मिळून सेशन बनते. सभासद म्हणून कोणाला स्वीकारायचे, कोणाला दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी बदलीपत्र द्यायचे आणि कोणाचे नाव कमी करायचे, हे सेशन ठरवते. सर्वसाधारण सभेत एकेका नावावर हात वर करून मत घेण्याची ही गोष्ट नव्हे, आणि कृपा करून तसे होऊही देऊ नका, कारण त्या सभेनंतर घराघरांत जे वितुष्ट येते ते पुढच्या पिढीपर्यंत टिकते. अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चच्या नियमावलीत सेशनने सक्रिय सभासदांची यादी वर्षातून किमान एकदा तपासावी, असे सांगितले आहे, आणि मंडळीच्या सभेत मतदानाचा हक्क सक्रिय सभासदांनाच आहे. शिवाय तेथे संलग्न सभासद असाही एक प्रकार आहे. आपले मूळ सभासदत्व एका मंडळीत ठेवून काही काळासाठी दुसऱ्या गावी राहणाऱ्या माणसाला तेथील मंडळीच्या जीवनात भाग घेता येतो, परंतु त्या दुसऱ्या मंडळीत त्याला मत देता येत नाही आणि पदही स्वीकारता येत नाही.

हे नियम तुमच्याकडे जसेच्या तसे लागू होतात, असे मात्र समजू नका. आपल्या भागातील प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये आल्या, आणि पुढे ते चर्च व इतर काही चर्च एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेथील व्यवस्थेत सेशनऐवजी पास्टोरेट कमिटी कारभार पाहते. तुमची मंडळी आज कोणत्या घटनेखाली चालते, ते प्रथम पाहा आणि त्या घटनेतील सभासदत्वाचे कलम सभेच्या सूचनेसोबतच सर्वांना वाचायला द्या. तुमचा न्यास सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये विश्वस्तांमध्ये झालेला बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. निवडणुकीआधी यादी घाईघाईने कापली गेली, असे कोणाला वाटले, तर तो त्या बदल अर्जावर हरकत घेतो आणि मग प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते. म्हणून या सभेपूर्वी एकही नाव कमी करू नये, असे माझे ठाम मत आहे. ही निवडणूक आहे त्या यादीवर होऊ द्या. सभा तहकूब झालीच, तर तहकूब सभेच्या गणसंख्येविषयी तुमची घटना काय सांगते तेही आधीच पाहून ठेवा. नवे वडील आल्यावर त्यांनी पहिले काम यादीचे हाती घ्यावे. बाहेरगावी असलेल्या प्रत्येक सभासदाला पत्र लिहावे, शक्य असेल तेथे जाऊन भेटावे, उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा आणि प्रत्येक निर्णय कारणासहित इतिवृत्तात नोंदवावा.

मूळचा सांगलीकर, हल्ली पिंपरी

ज्यांच्याविषयी ही चर्चा चालली आहे त्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

आम्ही येथे जवळच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेला जातो आणि माझी मुले तेथील संडे स्कूलमध्ये शिकतात. असे असूनही गावच्या मंडळीकडे मी बदलीपत्र मागितलेले नाही. माझे आईवडील गावच्या दफनभूमीत आहेत, आणि यादीतून नाव गेले तर उद्या मला किंवा माझ्या पत्नीला तेथे जागा मिळेल का, ही शंका माझ्या मनात आहे. माझ्या ओळखीच्या अनेकांच्या मनातही ती आहे, परंतु उघडपणे कोणी विचारत नाही. तुमच्या वडीलवर्गाने या एका गोष्टीचे लेखी उत्तर दिले, तर निदान काही कुटुंबे स्वतःहून बदलीपत्र मागतील, असे मला वाटते.

कृष्णाकाठ यांचे म्हणणे मला मान्य आहे. जो गावात राहत नाही त्याने चर्चच्या आवाराविषयी मत देऊन निघून जाणे योग्य नाही, आणि मी स्वतः मताचा हक्क आनंदाने सोडीन. पण बाहेरगावचे लोक फक्त वादाच्या वेळी येतात, हे सर्वांच्या बाबतीत खरे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा येथून अंथरुणे, औषधे आणि धान्य घेऊन गेलेल्यांमध्ये ज्यांची नावे आज जड वाटतात असे कितीतरी सभासद होते. आणि आखातात कराराने गेलेल्या परिचारिकांचा विचार निराळा करायला हवा. तेथून त्यांनी बदली कोठे करून घ्यायची? करार संपला की त्या परत येणार आहेत, आणि तोपर्यंत गावची मंडळी हीच त्यांची मंडळी आहे.

महिला मंडळ, सातारा

या प्रश्नाकडे मी निराळ्या बाजूने पाहते. यादी फुगली, याचे कारण लोक गेले एवढेच नाही. गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची विचारपूस थांबली, हे त्याचे खरे कारण आहे. स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन मंडळ्यांत प्रत्येक वडिलाकडे ठराविक घरे सोपवलेली असत. प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी सभासदांना धातूचे छोटे शिक्के दिले जात आणि शिक्का दाखवूनच मेजाजवळ बसता येत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात शिक्क्यांच्या जागी छापील कार्डे आली आणि वडील ती घरोघर पोहोचवू लागले. त्या पद्धतीत कडकपणा होता आणि तो मला नको आहे, परंतु एक गोष्ट तिच्यात चांगली होती. कार्ड द्यायला गेलेल्या वडिलाला घरात कोण आजारी आहे, कोण गाव सोडून गेले, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, हे आपोआप कळत असे. ज्या मंडळीत वडील घरोघर जातात तेथे यादी तपासायला वेगळी मोहीम लागत नाही.

आमच्याकडे हे काम स्त्रियांनी उचलले आहे. मिझोराममधील प्रेसबिटेरियन स्त्रिया १९१३ पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि साठलेले तांदूळ विकून त्यांचे मिशनकार्य चालते. आपल्या साताऱ्यालाही ही रीत परकी नाही, कारण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांना घरोघरच्या मुष्टिफंडाचा मोठा आधार होता. आमच्या मंडळातील बहिणी महिन्यातून एकदा धान्य गोळा करायला प्रत्येक घरी जातात. धान्य फार जमत नाही. पण कोणाच्या घरात एकटी म्हातारी राहिली आहे आणि कोणाचा मुलगा दोन वर्षांत फिरकलेला नाही, हे आम्हाला ठाऊक असते आणि पाळकांना ते आमच्याकडूनच कळते.

यावरूनच मला दुसरे एक सांगायचे आहे. तुमच्या बाकांवर आज प्रामुख्याने स्त्रिया आणि वृद्ध असतात, असे तुम्हीच लिहिले आहे. मग नव्या वडिलांच्या निवडीसाठी कोणाची नावे पुढे येत आहेत? अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चने १९३० सालीच स्त्रियांना वडीलपद खुले केले. आपल्या कित्येक गावांत मात्र आजही पुण्याला राहणाऱ्या पुरुषाचे नाव सुचवले जाते आणि ज्या बाईने चर्चच्या किल्ल्या वर्षानुवर्षे सांभाळल्या तिचे नाव कोणाच्या ओठावर येत नाही. गावात राहणाऱ्या, घरोघर जाणाऱ्या बहिणींना वडील म्हणून निवडा. यादीचे काम त्या पुरुषांपेक्षा अधिक मायेने आणि अधिक चोख करतील, याची मला खात्री आहे.

आणि यादीबाहेरच्यांनाही विसरू नका. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली येथे साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना त्यात हवे होते. तुमच्याही उपासनेला मागच्या बाकावर येऊन बसणारी, कोणत्याच वहीत नाव नसलेली माणसे असतील. त्यांच्या घरी कोण जाते?

कृष्णाकाठ, सांगली जिल्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सभेपूर्वी नावे कमी करू नयेत, हा सल्ला मी पाळकांना कळवला आणि त्यांनाही तो पटला. दफनभूमीच्या शंकेविषयी आम्ही कोणी विचारच केला नव्हता. सभासद यादीत नाव असो वा नसो, ज्यांचे आईवडील आमच्या दफनभूमीत आहेत त्यांना व त्यांच्या पती-पत्नींना तेथे जागा मिळेल, असा लेखी ठराव वडीलवर्गापुढे ठेवण्याचे ठरले आहे. निवडणुकीसाठी महिला मंडळातील दोन बहिणींची नावे सुचवण्यास मी आणि आणखी काही सभासद तयार आहोत, त्यांची संमती मात्र अजून घ्यायची आहे.

एक शंका उरली. आमच्याकडे सभासदत्व स्वीकारून लगेच पुण्यात शिकायला गेलेल्या मुलामुलींना कोणत्या वर्गात धरावे?

जुना चिटणीस, मिरज

शिकत आहेत तोपर्यंत त्यांची नावे तुमच्याच यादीत पूर्ण हक्कांसह राहू द्या. ती जेथे राहतात तेथील पाळकांना एक परिचयपत्र पाठवा, म्हणजे तेथे त्यांच्याकडे कोणाचे तरी लक्ष राहील. नोकरी लागून ती कोठे स्थिर झाली, की मग त्यांना विचारा. पत्र लिहिताना ते पालकांच्या नावे लिहू नका, मुलांच्याच नावे लिहा.