ईमेलची टेबलं कधी सुटणार? मेल प्रोग्रॅमवाल्यांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?

टेबलकरी (धागाकर्ता):
मध्यंतरी एका पतसंस्थेची वार्षिक सभेची सूचना ईमेलसाठी करून दिली. दीड पान मजकूर, एक लोगो, एक बटण. वेबपान असतं तर तासाभरात हातावेगळं झालं असतं. इथे दोन दिवस गेले, कारण बऱ्याच मेल प्रोग्रॅमना वेबपानाची मांडणी कळत नाही, सगळं टेबलांच्या खान्यांतच बसवावं लागतं. टेबलात टेबल, त्याच्या पोटात आणखी एक टेबल, आणि प्रत्येक खान्यात तोच फॉन्ट, तोच रंग पुन्हा पुन्हा लिहायचा. एवढं करून एका संचालकांच्या ऑफिसात मेल उघडली तर 'वार्षिक'चा रफार छाटलेला. सभासदांना 'वाषिक सभे'चं आग्रहाचं निमंत्रण!

चूक माझीच होती. ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं यावं म्हणून 'एमएसओ लाइन हाइट रूल एक्झॅक्टली' ही खास वर्डसाठीची ओळ मी एका इंग्रजी टेम्प्लेटमधून जशीच्या तशी उचलली. रोमन अक्षरं तेवढ्या उंचीत मावतात, आपली मात्रा-रफार वर डोकं काढतात आणि कापले जातात. अंतर वाढवलं, भागलं. पण ईमेल लिहिताना वर्डची मर्जी का सांभाळायची?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्रॅममध्ये २००३ च्या आवृत्तीपर्यंत मेल दाखवायला इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन होतं. आउटलुक २००७ मध्ये ते काम वर्डकडे दिलं आणि फ्लोट (चित्र कडेला, मजकूर बाजूने), पोझिशन (एखादी गोष्ट हव्या त्या जागी बसवणं), मागचं चित्र अशा रोजच्या सोयी गेल्या. २००७ च्याच शेवटी कॅम्पेन मॉनिटर या घाऊक मेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या लोकांनी 'ईमेल स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' काढला. एकच चाचणी-मेल सगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि निकाल जाहीर करायचा. अ‍ॅपल मेल आणि थंडरबर्ड पास. आउटलुक २००७, जीमेल, लोटस नोट्स नापास. जून २००९ मध्ये याच लोकांची 'फिक्स आउटलुक' मोहीम झाली, बघता बघता २० हजारांवर ट्विट पडले. मायक्रोसॉफ्टने उत्तर दिलं, पण ते असं: मेल लिहायला वर्डच उत्तम, आणि ईमेलसाठी एचटीएमएलचा (वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा) नेमका कुठला भाग धरायचा यावर सर्वमान्य एकमत नाही. आउटलुक २०१० पण वर्डवरच आलं.

माझं म्हणणं, दुसरा मुद्दा त्यांनी आपल्या हातात दिला होता आणि आपण तो सोडला. मोहीम पुन्हा व्हावी, पण मागणी आखूड हवी: मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा), पॅडिंग (आतली मोकळी जागा), रुंदीची मर्यादा, स्टाइलचा भाग (फॉन्ट, रंग वगैरेंचे नियम) डोक्यावर एकदाच लिहिण्याची मुभा आणि मजकूर कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी खूण. एवढंच. फ्लेक्स, ग्रिड, अ‍ॅनिमेशन कुणाला हवंय?

साधा_मजकूर:
मला तर काहीच नकोय. ईमेल हे पत्र आहे, पत्रक नाही. ही मोहीम कोणी चालवली ते तुम्हीच लिहिलंत: ज्यांचा धंदाच घाऊक मेल पाठवण्याचा, त्यांनी.

आणि त्या निकालपत्रकाचं पुढे काय झालं तेही सांगा. २०१८ मध्ये 'ईफेल' नावाची भानगड उघडकीस आली. कुलूपबंद मेलच्या आधी हल्लेखोराने चित्राचा एक अर्धवट, न मिटलेला टॅग लावायचा. मेल प्रोग्रॅम इमानेइतबारे कुलूप उघडणार, उघडलेला मजकूर चित्राच्या पत्त्याचा भाग समजणार आणि चित्र आणायच्या निमित्ताने तो चोराच्या सर्व्हरवर पोचवणार. या सापळ्यात सापडलेल्यांत कोण होते? तुमचे पास झालेले अ‍ॅपल मेल आणि थंडरबर्ड! एचटीएमएल जितकं कमी कळेल तितकं बरं.

टेबलकरी:
साहेब, हा घोळ बाहेरून चित्रं आपोआप आणण्याचा आणि मेलचे वेगवेगळे तुकडे एकत्र शिजवण्याचा. पॅडिंग कळल्यामुळे कुणाचं गुपित फुटलं नाही. घाऊकवाल्यांबद्दल म्हणाल तर त्यांच्याकडे टेबलं जुळवायला पगारी माणसं आहेत, त्यांचं काही अडत नाही. अडतं ते पतसंस्थेचं, शाळेचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं.

सर्व्हररूम:
मी ऑफिसात हेच सांभाळते, म्हणून थोडं थंड पाणी ओतते.

सगळ्या ब्राउझरनी एकच नियम पाळावेत म्हणून 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो जिंकला म्हणून सगळे त्याचा दाखला देतात. पण तिथे वैतागलेला माणूस फायरफॉक्स उतरवून मोकळा होत होता. ऑफिसातला मेल प्रोग्रॅम वापरणारा निवडतो का? तो खरेदी खातं निवडतं, आणि त्यांच्या यादीत कॅलेंडर, परवाने, बॅकअप असतं. मार्जिन नीट दिसतं का, असं एकाही निविदेत मी वाचलेलं नाही.

दुसरं, वेबमेलची (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या जीमेलसारख्यांची) अडचण खरी आहे. तुमची मेल त्यांच्या पानाच्या आत उघडते. पोझिशनला मोकळं रान दिलं तर उद्या कोणी इनबॉक्सच्याच बटणावर खोटं 'लॉगिन करा' आणून बसवेल. म्हणून गाळणी लागतेच. तरीही जीमेलने सप्टेंबर २०१६ मध्ये स्टाइलचे नियम आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) घेतल्याच ना? माझ्या मते ते ट्विटमुळे नाही, मोबाइलमुळे.

आणि वर्डवालं जुनं आउटलुक आता उताराला लागलंय. विंडोजचं नवं आउटलुक वेबच्या इंजिनावर चालतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशातली मोहीम कशाला?

टेबलकरी:
म्हैस अजून गोठ्यात आहे, ताई! जुन्या आउटलुकला निदान २०२९ पर्यंत आधार देऊ असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. आणि जीमेलने घेतलं ते अर्धं. स्टाइलच्या भागात न आवडणारी एखादी गोष्ट दिसली तर ते अख्खा भागच टाकून देतं. म्हणून प्रत्येक खान्यात नियम लिहिणं चालूच. त्याने मेल फुगते, आणि १०२ केबीच्या पुढे गेली की जीमेल खालचा भाग कापून 'पूर्ण संदेश पाहा' म्हणतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. 'र्षि' म्हणजे दिसायला एक अक्षर, प्रत्यक्षात चार चिन्हं, बारा बाइट. इंग्रजीवाल्याला ही मर्यादा आठवतही नाही, आपल्याला आधी लागते.

कानाने_वाचतो:
बराच वेळ ऐकतोय (अक्षरशः, मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो). तुमच्या टेबलांचा हिशेब माझ्याकडे असा येतो: 'टेबल, तीन ओळी, दोन स्तंभ, ओळ एक, स्तंभ एक, रिकामं.' मग पुन्हा 'टेबल'. सभेची वेळ कळेपर्यंत चहा गार. टेबलाला 'रोल प्रेझेंटेशन', म्हणजे हे टेबल फक्त मांडणीपुरतं आहे, असं लिहिलं की ही कटकट थांबते. त्याला कोणाच्या मोहिमेची गरज नाही, पाठवणाऱ्याने एक ओळ लिहायची असते. किती जण लिहितात?

पण साधा_मजकूर यांच्याशीही असहमत. बारा विषयांची सूचना साध्या मजकुरात आली तर मला सुरुवातीपासून सरळ ऐकत बसावं लागतं. खरी शीर्षकं असतील तर एच दाबत थेट 'लाभांश' या विषयावर जातो. भाषेची खूण नसेल तर यंत्र आपल्या नेहमीच्या आवाजात वाचतं, आणि तो आवाज इंग्रजी असला की मराठीची जी दैना होते ती विचारू नका. मेल प्रोग्रॅमने निदान शीर्षक आणि भाषा यांना हात लावू नये, एवढ्यासाठी मोहीम असेल तर माझी सही घ्या. मार्जिनसाठी नाही.

टेबलकरी:
'रोल'चं मान्य, त्या सूचनेत मीही घातला नव्हता. आज घालतो. आणि यादीत भाषा आणि शीर्षक वर घेतो, मार्जिन खाली.

सर्व्हररूम:
यादी अशी असेल तर ती मायक्रोसॉफ्टला पाठवू नका, खरेदी खात्याला पाठवा. 'दृष्टिहीन कर्मचाऱ्याला मेल नीट ऐकू आली पाहिजे' ही अट निविदेत बसते. 'पॅडिंग हवं' बसत नाही.

साधा_मजकूर:
शीर्षकाखाली रेघ मारायची पद्धत होती आमच्या वेळी. असो. त्या एचच्या बटणाबद्दल मला कल्पना नव्हती.

बाकी सूचनेत 'एक्झॅक्टली' ठेवून अंतर किती दिलंत शेवटी?

टेबलकरी:
१६ च्या अक्षराला २८. रफार, अनुस्वार, सगळे शाबूत.

साधा_मजकूर:
साध्या मजकुरात हा प्रश्नच आला नसता.