आवडत्या पात्रांची पुढची गोष्ट लिहिणारे आणि वाचणारे : अनुभव सांगावेत

सुरंगी (वेंगुर्ले)
यंदाच्या जत्रेत दशावताराच्या आख्यानात मंदोदरीचे काम करणाऱ्या कलावंताने रावणाला, लंका तुमची असेल, पण उद्या ज्या घरांत रडारड होणार आहे त्या घरांतल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत, अशा अर्थाचे काही सुनावले आणि मंडपात शांतता पसरली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरते आणि पुढे बाकाच्या सिंहासनासमोर प्रत्येक जण आपले संवाद स्वतः रचतो, त्यामुळे ते वाक्य त्या रात्रीचे आणि त्या कलावंताचे होते.

ते ऐकताना मला माझी शाळेतली वही आठवली. वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीतल्या दुय्यम पात्राचे पुढे काय झाले हे लेखकाने सांगितलेच नव्हते, म्हणून मी ते लिहून काढले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती वही वाचून, दुसऱ्याची पात्रे उचलून लिहिण्यात कसले आले कर्तृत्व, असे म्हटले आणि माझे लिहिणे तिथेच थांबले. अशा लेखनाला फॅनफिक्शन म्हणतात आणि जगभर माणसे ते प्रेमाने लिहितात, हे मला फार उशिरा कळले. रात्रभर जागून मंदोदरीची नवी वाक्ये ऐकणारी आपली माणसे मुलीच्या वहीतल्या गोष्टीला उचलेगिरी का म्हणतात, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. आपण असे काही लिहिले किंवा वाचले असेल तर जरूर सांगावे.

केवडा (गुहागर, सध्या मुंबई)
सुरंगीताई, मी कॉलेजात असल्यापासून असे लेखन वाचते आणि लिहिते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच उभारलेले संग्रहस्थळ आहे. तिथे जाहिराती नसतात आणि कथेतून पैसे मिळवण्याला परवानगी नसते. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा मी ती बातमी आईला मुद्दाम वाचून दाखवली होती. तिथली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे कथेच्या डोक्यावरचे टॅग. कोणत्या पात्रांची कथा आहे, मूळ कथानक पाळले आहे की बदलले आहे, त्रास होईल असा मजकूर आहे का, हे वाचकाला आधीच समजते.

मी लिहायला तिथेच शिकले. ‘बीटा’ म्हणजे प्रसिद्धीपूर्वी कथा वाचून चुका दाखवणारी वाचक. माझ्या बीटाने माझ्या एका संपूर्ण प्रसंगावर, “ही व्यक्ती रागावली की गप्प बसते, भाषण करत नाही, मूळ पुस्तक पुन्हा वाच,” एवढाच शेरा लिहून तो परत पाठवला होता. ते वाचून मी मूळ पुस्तक पेन्सिल घेऊन पुन्हा वाचले, आणि तसे बारकाईने वाचन मी परीक्षेसाठीही कधी केले नव्हते. दुःख एवढेच आहे की मराठीत लिहिलेल्या अशा कथांना फार थोडे वाचक मिळतात.

तारकर्ली
माझी मुलगी कोरियन मालिकांतल्या पात्रांवर लिहिते आणि तिची पात्रे मालवणीत बोलतात. मला मालिका कळत नाही, तरी संवाद वाचायला आवडतात. स्वयंपाकाची वेळ झाली आहे, सविस्तर नंतर लिहिते.

खाजण (दापोली)
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर चार ओळींत आटोपणारी मुले ओळखीचे पात्र हाती दिले की पान भरून लिहितात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. एकदा नववीच्या वर्गाला मी महाभारतातल्या कोणत्याही एका प्रसंगानंतरची संध्याकाळ लिहायला सांगितली. बहुतेकांनी युद्धावर लिहिले. हर्णैकडून येणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका मुलाने मात्र एकलव्य घरी परततो तो प्रसंग लिहिला. त्याच्या गोष्टीत आई गुरूबद्दल किंवा धनुष्याबद्दल काहीच विचारत नाही. ती हाताला फडके बांधते आणि विचारते, “आता जाळ्याची गाठ कशी मारशील?” पुढे एकलव्य दोन बोटांत दोरा धरून गाठ मारायला बसतो, ती पुन्हा पुन्हा सुटते आणि आई शेजारी बसून आपले जाळे विणत राहते, एवढीच त्याची गोष्ट होती.

एकलव्य निषादांचा मुलगा होता हे मी दरवर्षी शिकवत होतो. पण अंगठा गेल्यावर त्या घरात नेमके काय गेले, हे मला त्या मुलाने शिकवले. अशा लिहिण्याला जे उसने लेखन म्हणतात त्यांना मी ती दोन पाने दाखवू इच्छितो. पात्र व्यासांचे आहे आणि गाठ त्या मुलाच्या घरातली आहे.

केवडा (गुहागर, सध्या मुंबई)
सर, हे वाचून डोळे भरून आले. त्या मुलाला लिहीत राहायला सांगा.

मिठागर (शिरोडा)
आमच्या गावात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिक्षक होते, म्हणून त्यांचे उदाहरण देतो. १९५९ च्या ‘ययाति’साठी त्यांनी आदिपर्वातले उपाख्यान घेतले. महाभारतात देवयानीशी शापांची देवघेव झाल्यावर कच देवलोकी निघून जातो. खांडेकरांनी त्याला कादंबरीत परत आणून मोठे स्थान दिले. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळाले आणि उसन्या पात्रांवर लिहिले म्हणून कोणी त्यांना हिणवले नाही.

तरीही मी या दोन गोष्टी एकच मानत नाही. पुराणातली पात्रे शेकडो वर्षे सर्वांची आहेत. हयात लेखकाने स्वतःच्या आयुष्यातून घडवलेले पात्र अजून त्याच्या घरातले असते, आणि तिथे जाताना दार वाजवून जावे, असे मला वाटते.

ओसरी (रत्नागिरी)
मी कथा लिहिते, म्हणून दाराच्या आतल्या बाजूने बोलते. आंब्याच्या बागेवर एकटीने संसार रेटणाऱ्या एका आईची माझी कथा दिवाळी अंकात आली होती. पुढे एका अनोळखी वाचकाने तिचा पुढचा भाग लिहून मला पाठवला. त्यात ती बाग विकते आणि मुलाकडे पुण्याला जाते. मला ते वाचून राग आला आणि तो राग मी आजही योग्य मानते, कारण कलमे लावताना तिने नवऱ्याशी केलेले बोलणे त्या वाचकाने वाचलेच नव्हते. मात्र त्याच कथेत, बागेत आलेल्या दलालाशी ती कशी बोलते, पेटी भरताना डागी आंबा कसा बाजूला काढते आणि भावाचा आकडा ऐकल्यावर कशी उगाच पदर सारखा करते, हे त्याने इतके अचूक लिहिले होते की माझ्या पुढच्या कथेत ती तशीच वागणार, हे मला तेव्हाच उमगले.

माझा आक्षेप पात्र घेण्याला नाही. पात्र न समजून घेता, फक्त त्याचे नाव घेण्याला आहे. हयात नटनट्यांवर लिहिलेल्या कल्पित प्रेमकथा तर मी मुळीच वाचत नाही, कारण खऱ्या माणसाला घरदार असते आणि त्याने कोणाला आपले आयुष्य लिहायला दिलेले नसते.

कातळ (राजापूर)
कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे हक्क राहतो, आणि त्यात रूपांतराचा हक्कही येतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड झाल्यास लेखक दाद मागू शकतो. शेरलॉक होम्सचे निर्माते १९३० मध्ये वारले, त्यामुळे होम्सला कोणी आंबोलीच्या घाटात आणून गुन्हा शोधायला लावला तर अडचण नाही. हयात लेखकाच्या बाबतीत, पैसे घेतले नाहीत एवढ्याने सगळे माफ होते असे समजू नये. एका पत्राने परवानगी विचारता येते आणि लेखक वाटतात तितके कठोर नसतात.

सुरंगी (वेंगुर्ले)
मिठागर आणि कातळ, दोघांचे म्हणणे मला पटले. तरी वहीत लिहिणाऱ्या मुलीला परवानगीची गरज नसते, हेही कोणीतरी घरोघरी सांगायला हवे. तिने लिहावे, जपावे, वाटल्यास मैत्रिणीला दाखवावे. छापण्याचा प्रश्न नंतरचा आहे आणि तो आला तर पत्र लिहिता येते.

तारकर्ली
मुलीला हा धागा वाचून दाखवला. ओसरीताई, बागेच्या कथेतल्या त्या मुलावर लिहिले तर चालेल का, असे ती विचारते आहे. तुमची कथा तिने माझ्याकडच्या अंकात वाचली आहे.

ओसरी (रत्नागिरी)
तिला अवश्य लिहू द्या. त्या मुलाबद्दल मी फारसे काही ठरवलेले नाही, त्यामुळे तो तिला मोकळा आहे. एवढेच सांगा की आई त्याला नावाने हाक मारत नाही, ‘बाबू’ म्हणते, आणि फोनवर बागेचा हिशेब कधी सांगत नाही. लिहून झाले की मला पाठवावे.