कोरस आहे, क्रेऑन हरवलाय

सोफी देरास्पच्या 'अँटिगनी' (२०१९) या सिनेमात ग्रीक नाटकातला कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा समूह, गाळलाय, हे मत पटलं नाही. तो सोशल मीडियाच्या तुकड्यांत आहे: रॅप, मीम्स, शिवीगाळ, पाठिंबा. सोफोक्लीझच्या मूळ नाटकात कोरस असलेले थीब्ज नगरीचे म्हातारे बराच वेळ कुंपणावर बसतात. सिनेमातली माँट्रियलची पोरं बेधडक बाजू घेतात.

मूळ नाटकात राजा क्रेऑनची मनाई मोडून अँटिगनी भावाचं दफन करते; त्या दफनाऐवजी इथे भावाची हद्दपारी, हा बदलही चपखल. एक भाऊ पोलिसाच्या गोळीने गेलेला, दुसरा नागरिक नसल्याने अल्जीरियाला धाडला जाणार. म्हणून अँटिगनी केस कापते, अंगावर खोटे टॅटू रंगवते आणि तुरुंगात त्याच्या जागी बसते.

गडबड क्रेऑनची झालीय. त्याची सत्ता पोलीस, कोर्ट आणि तिचा प्रियकर हेमन याचा राजकारणी बाप यांच्यात वाटली गेली. मग मूळ नाटकातला, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर उशिरा भानावर येणारा, मुलगा-बायको गमावणारा क्रेऑन आणायचा कुठून?