चुंबकी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) कॉम्प्युटरला चालतो का? इंदूरच्या पलासिया, नवलखा आणि जुनी इंदूर या भागांतल्या तिघांची चर्चा

पलासिया:
इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरचे पार्ट घेताना कुणी ना कुणी बजावतंच, "चुंबकाचा पेचकस मशीनमध्ये घालू नका, डेटा उडेल." माझं मत अगदी उलट आहे. असेंब्लीला, म्हणजे पार्ट जोडून मशीन उभं करायला, चुंबकी टोकच हवं.

एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क), रॅम (कामापुरती मेमरी) आणि बायॉसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) चिप माहिती साठवतात ती विद्युतभारावर, चुंबकावर नाही. हार्ड डिस्क चुंबकावर चालते हे खरं, पण तिच्या तबकडीवरची नोंद पुसायला हजारो ओरस्टेडचं (चुंबकी क्षेत्राच्या तीव्रतेचं माप) क्षेत्र लागतं. पेचकसाच्या अगदी टोकाशी फार तर काहीशे असेल, आणि बोटभर लांब गेलं की तेही उरत नाही. नोंद वाचणाऱ्या हेडचा दांडा हलवायला डिस्कच्या आतच निओडिमियमची जबर चुंबकं बसवलेली असतात, तरी नोंद टिकतेच. ही भीती फ्लॉपीच्या काळातली. सव्वापाच इंची फ्लॉपीला सुमारे ३०० ओरस्टेडही पुरायचे.

खरं नुकसान निसटलेला स्क्रू करतो. एम.२ एसएसडीचा (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्क्रू जेमतेम २ मिमी जाड आणि ३ मिमी लांब. तो बोर्डाखाली गेला आणि तसंच मशीन चालू केलं, तर शॉर्ट ठरलेला.

नवलखा:
डेटाचं पटलं. पण "चुंबकी टोकच हवं" हे मला मान्य नाही. पेचकसाच्या रोज वापरातल्या बिटाचं टोक भिंगाखाली बघा, लोखंडाचा बारीक कीस दाढीच्या खुंटांसारखा उभा दिसेल. कॅबिनेटच्या पत्र्यात स्क्रू फिरला की हा कीस निघतो, चुंबक तो धरून ठेवतं आणि नेमका बोर्डावरच्या प्रोसेसरच्या सॉकेटवर आणून सोडतं. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० पिना असतात, दोन पिनांमध्ये एक कण अडकला तरी पुरे. शिवाय पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) आणि ३०४ स्टेनलेसचे स्क्रू चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाहीत. तिथे चिमटाच लागतो.

पलासिया:
कीस काढायला मळलेल्या पिठासारखा ब्लू टॅकचा (भिंतीला कागद चिकटवायच्या मऊ लगद्याचा) गोळा टोकावर दोनदा दाबा, नाहीतर सेलोटेप. सॉकेट उघडं असताना वर कुठलाच पेचकस फिरवू नये. चुंबकी असो वा नसो. आधी प्रोसेसर बसवून खटका लावायचा, मग बाकीचं काम.

जुनी इंदूर:
तुम्ही दोघंही डेस्कटॉपचंच बोलताय. लॅपटॉपमध्ये झाकण बंद झालं की उघडं, हे ओळखायला बहुतेक वेळा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा सेन्सर) असतो. स्क्रू ठेवायची चुंबकी वाटी चालू लॅपटॉपच्या कडेला ठेवली की सेन्सरला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन काळी होते. मग माणूस डिस्प्लेची केबल काढतो, पॅनल बदलायला निघतो! वाटी हातभर लांब सरकवून आधी पाहा.

ती वाटी मला दुसऱ्या कारणानेही नको वाटते. त्यात सगळे स्क्रू एक होतात. ३ मिमी लांब स्क्रूच्या भोकात ५ मिमी लांब स्क्रू गेला की पामरेस्टला (कीबोर्डपुढच्या, मनगट टेकायच्या भागाला) फोड येतो किंवा बोर्डाचा ट्रॅक (वीज वाहणारी तांब्याची रेघ) तुटतो. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा.

नवलखा:
हे अगदी खरं, काका. आणि चुंबकाला घाबरणारे खऱ्या धोक्याकडे बघतच नाहीत. इंदूरचा एप्रिल-मे कोरडा. नायलॉनच्या कपड्यांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रॅम हाताळली की रॅमला स्थिर विजेचा फटका बसू शकतो आणि तो बोटाला जाणवतही नाही. अंगातली स्थिर वीज उतरवणारा मनगटपट्टा बांधा, पण १ मेगाओमचा रोधक असलेलाच. भिंतीवरच्या सॉकेटचं बटण बंद करून तीन पिनी प्लग तसाच ठेवला तर कॅबिनेटला अर्थिंग मिळतं.

पलासिया:
प्लग तसाच ठेवायच्या मी विरुद्ध आहे. जुन्या वाड्यांत फेज-न्यूट्रल उलटे असतात, अर्थिंगची तार कधी जोडलेलीच नसते. बटण एकच तार तोडतं. ती न्यूट्रल निघाली तर मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये फेज तसाच. आणि बटण चुकून चालू राहिलं की ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन (मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) बोर्डावर जिवंतच असते. वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा दिवा विझला का ते बघा. मगच पेचकस आत घाला. लॅपटॉप असेल तर खालचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

नवलखा:
मग आधी टेस्टरने फेज आणि मल्टिमीटरने अर्थिंग तपासा. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत आले तर प्लग राहू द्या. नाहीतर पलासिया म्हणतात तसं वायर काढा आणि पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा.