उत्तर: मूळ मालिका आणि पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग

दारव्ह्याच्या ताईंनी वर विचारलं की 'आई कुठे काय करते' कशावरून घेतली, आणि फ्री डिशवरचे भाग घरी साठवायचे कसे.

मूळ बंगाली 'श्रीमयी', 2019 ची. तिच्यावरूनच आपली मराठी, 2020 ची हिंदी 'अनुपमा', मल्याळम 'कुडुंबविळक्कु'. त्यामुळे 'हिंदीवाल्यांनी आपली चोरली' हे भांडण फुकाचं, दोघी बहिणी अन् माय कोलकात्याची.

आता रेकॉर्डिंग. बॉक्सला यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा (फॅट32 अन् एनटीएफएस या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या दोन पद्धती), एनटीएफएस बरेच स्वस्त बॉक्स ओळखतच नाहीत. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, म्हणून तीन-चार तासांचा महाएपिसोड तुकड्यांत पडतो किंवा मधेच थांबतो. साधा अर्ध्या तासाचा भाग 3 एमबीपीएसने (सेकंदाला 3 मेगाबिट) साधारण 675 एमबी भरतो. चित्र अडखळत असेल तर आधी पेनड्राइव्ह बदलून पाहा, स्वस्तातला लिहायलाच मंद असतो. पाहतानाही चौकोन दिसत असतील तर मात्र डिशची छत्री हललेली. आपल्याकडून ती आग्नेयेकडे लागते.

खरा घोळ लोडशेडिंगचा. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की फाइल बंद होत नाही, कधी कधी शून्य केबी दाखवते. बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही बंद असला तरी चालतं. प्रत्येक भाग वेगळा रेकॉर्ड करा, म्हणजे गेला तर एकच जाईल.

पैसे भरायच्या डिशचं रेकॉर्डिंग बहुतेक त्याच बॉक्सवर चालतं, लॅपटॉपवर उघडायच्या नादी लागू नका.