दुकानातील पोटमाळा : आय-बीम की जोडचॅनेल, बोल्ट की वेल्डिंग?

प्रश्न – दुकानदार_कोल्हापूर

माल ठेवण्यासाठी दुकानात लोखंडी पोटमाळा करावयाचा असून बीमचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरचा आहे. स्ट्रक्चरल इंजिनीअरांनी नकाशात आयएसएमबी २०० चे (२०० मिमी उंचीचे, आय-आकाराचे) बीम दाखवले आहेत आणि बीम व कॉलम यांच्या जोडासाठी बीमच्या वेबला (मधल्या उभ्या पत्र्याला) दोन्ही बाजूंनी अँगलच्या क्लीट (एल-आकाराचे छोटे तुकडे) लावून एम-२० मापाचे (२० मिमी व्यासाचे) ८.८ या जास्त ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट सांगितले आहेत. फॅब्रिकेटरचे म्हणणे असे, की १५० मिमी उंचीचे दोन चॅनेल (सी-आकाराचे सेक्शन) पाठीला पाठ लावून बीम करू आणि सगळे जोड जागेवरच वेल्डिंगने चहूबाजूंनी भरून घेऊ. लोखंड जास्त लागते म्हणजे मजबुतीही जास्तच येणार. इंजिनीअर सध्या परगावी आहेत. हा बदल मान्य करण्यास हरकत आहे का?

उत्तर – सांगाडा_अभियंता

हरकत आहे, आणि ती दोन्ही बदलांना आहे.

आधी सेक्शनचे पाहू. आयएसएमबी २०० चे वजन मीटरला सुमारे २५ किलो, तर आयएसएमसी १५० चे दोन चॅनेल मिळून सुमारे ३३ किलो भरतात. परंतु बीम किती वाकेल हे वजनावर नव्हे, तर जडत्व-आघूर्णावर (सेक्शनच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) ठरते आणि त्यात सेक्शनच्या उंचीचा वाटा सर्वांत मोठा असतो. आय-बीमचे जडत्व-आघूर्ण सुमारे २,२०० सेंमी⁴ आहे, दोन चॅनेलचे मिळून १,५५० च्या आसपास. म्हणजे जास्त किलोंचे पैसे मोजून त्याच भाराखाली बीम जवळजवळ दीडपट वाकेल, आणि पोटमाळ्यावर चालताना जाणवणारी थरथर वाढेल ती वेगळीच.

जोडाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. वेबला क्लीट लावून केलेला जोड बीमचा भार कॉलमवर उतरवतो, पण बीमच्या टोकाला किंचित फिरू देतो, आणि तुमच्या इंजिनीअरांनी हिशेब बहुधा हेच गृहीत धरून केलेला असणार. वरच्या व खालच्या फ्लँजसह (आडव्या पट्ट्यांसह) सगळे टोक कॉलमला वेल्ड केले, की ते टोक फिरू शकत नाही आणि बीमचे वाकवणारे आघूर्ण (वाकवणारा जोर) कॉलममध्ये शिरते. कॉलम पातळ पत्र्याच्या चौकोनी पाइपचा असेल, तर त्याची भिंतच आत-बाहेर ओढली जाते. ‘जास्त वेल्डिंग म्हणजे जास्त मजबूत’ ही समजूत इथे उलटी पडते, कारण ज्या कॉलमला आणि बेस प्लेटला (कॉलमच्या तळाच्या पाटीला) तो भार द्यायचाच नव्हता त्यांना तो मिळतो.

आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेत कारखान्यातील वेल्डसाठी आंशिक सुरक्षा-गुणांक (ज्या आकड्याने ताकद भागून हिशेबात धरतात तो) १.२५ आहे, तर जागेवरच्या वेल्डसाठी १.५०. म्हणजे ६ मिमीचा तोच फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड) ४१० एमपीए ताणशक्तीच्या पोलादावर कारखान्यात मिलिमीटरमागे सुमारे ७९५ न्यूटन धरला जातो आणि तुमच्या दुकानात केल्यास सुमारे ६६० न्यूटनच. बोल्टसाठी असा फरक नाही, दोन्हीकडे १.२५ च.

उत्तर – फॅब्रिकेशनवाला

मी याच धंद्यात आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. जागेवर वेल्डिंग सोयीचे का वाटते, तर भिंती ओळंब्यात नसतात आणि प्रत्येक बीम थोडा वेगळ्या लांबीचा निघतो, तर बोल्टसाठी भोके आधीच तंतोतंत पाडावी लागतात. यावर तोडगा असा, की क्लीट कारखान्यात कॉलमला वेल्ड करून आणाव्यात, बीम मोजून कापावेत आणि जागेवर फक्त बोल्ट आवळावेत.

बोल्ट आल्यावर डोक्यावर ८.८ हा आकडा उमटवलेला आहे का, हे स्वतः पाहावे. दिसायला तसाच असणारा ४.६ ग्रेडचा एम-२० बोल्ट आडव्या, कातरणाऱ्या भारापुढे सुमारे ४५ किलोन्यूटन घेतो, ८.८ चा ९० घेतो. शिवाय आयएसएमबीच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते. फ्लँजला कुठे बोल्ट आलाच, तर टेपर (उतरता) वॉशर घालावा, नाहीतर बोल्टचे डोके एका कडेवरच टेकते आणि आवळताना बोल्ट वाकतो.

दुकानदार_कोल्हापूर

आभारी आहे. फॅब्रिकेटर आता बोल्टला तयार आहेत, पण भोके गॅस कटरने पाडू म्हणतात. चालेल का?

सांगाडा_अभियंता

नाही. एम-२० साठी २२ मिमीचे भोक ड्रिलने किंवा पंचने पाडून घ्यावे. गॅसने पाडलेले भोक वेडेवाकडे होते, कडा खडबडीत राहतात आणि बोल्ट एकाच जागी टेकतो. काही ठिकाणी ते ३० मिमीपर्यंत मोठे झालेलेही पाहिले आहे, त्यावर वॉशर झाकून रंग मारला की काही दिसत नाही. भोकाच्या मध्यापासून क्लीटच्या कडेपर्यंतचे अंतरही मोजा. कडा करवतीने कापलेली असल्यास भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट, म्हणजे ३३ मिमी, आणि शिअर मशीनने कातरलेली किंवा हाताने गॅसने कापलेली असल्यास १.७ पट, म्हणजे ३७ मिमीहून थोडे अधिक हवे.

रेड ऑक्साईड लावण्याआधी क्लीटचे वेल्ड हातोडीने ठोकून स्लॅग (वेल्डवरची खपली) काढायला सांगा आणि उघडा वेल्ड पाहूनच रंगाला परवानगी द्या. सेक्शन बदलायचाच असेल, तर इंजिनीअर फोनवर उपलब्ध असतील. त्यांची लेखी संमती घ्या.