तळघरातली खोली उजळ आणि मोकळी वाटायला काय करावं? (सोलापूर, जुनं घर)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागात आमचं जुनं, दोन फुटी भिंतींचं घर आहे. त्याच्या तळघरात सासऱ्यांच्या काळी सुताचे गठ्ठे असायचे. माग बंद पडले आणि तिथं अडगळ साठली. यंदा बारावीला गेलेल्या लेकीनं जाहीर केलंय की तिची खोली तीच. कारण एकच: मे महिन्यात वर पारा 43 ला टेकतो तेव्हा खाली सुखानं झोप लागते. सासूबाई म्हणतात, "ते पेव आहे, माणसाची जागा नव्हे." खरं सांगायचं तर आठ पायऱ्या उतरून खाली गेलं की मलाही त्यांचंच पटतं.

खोली 11 बाय 13 फूट आहे, पण उंची जेमतेम 7 फूट 8 इंच. वर काळ्या पडलेल्या लाकडी तुळया, खाली तितकीच काळपट शहाबादी. उत्तरेला बोळाच्या अंगाला दोन झरोके, प्रत्येकी 2 फूट बाय 1. पूर्वी ते बोळापासून दीड फूट वर होते म्हणे. दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकत रस्ता इतका चढलाय की आता चार बोटं उरलीत. आत बसून बाहेर बघितलं की चपला आणि स्कूटरची चाकं दिसतात. लेकीला त्याची मजा वाटते, काय की. समोर चार फुटांवर शेजारच्या काकूंच्या घराची बिनगिलाव्याची काळी भिंत.

गेल्या वर्षी पुट्टी मारून आभाळी रंगाचा प्लास्टिक पेंट दिला. पाऊस सुरू झाला आणि खालच्या तीन फुटांत पोपडे धरले. बोट लावलं की पांढरी पूड हाताला येते. पेंटर म्हणतो बुरशी आहे, पुन्हा पुट्टी मारू. 20 वॅटची एलईडी ट्यूब लावलीय, तर खोली दवाखान्यासारखी दिसते आणि कोपरे तरी काळेच.

बजेट चाळीसेक हजार. फॉल्स सीलिंग नको, आहे ती उंचीही जाईल. गारवाही घालवायचा नाही, त्यासाठीच तर हा खटाटोप. कुठून सुरुवात करू?

काळी_माती:
ओ ताई, रंगाचं आधी डोक्यातून काढा. ती पूड बुरशी नव्हे, लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. खात्री करायची तर पोपडे खरवडून तिथं हातभर पॉलिथीन चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस बघू नका. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतूनच येतेय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय, मग दमट दिवसात झरोके उघडे ठेवू नका आणि कपाट भिंतीला चिकटवू नका.

पहिलं निघालं तर पुट्टी, पेंट सगळं खरवडून भिंत उघडी ठेवा, दिवाळीनंतर चुना द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते, प्लास्टिक पेंटखाली ओल कोंडते आणि पोपडा धरते. चुन्यात डिंक घाला, कपड्यांना लागत नाही. आणि चुन्याइतका पांढरा उजेड कुठल्या डब्यात मिळतोय की ओ!

माजघर:
तुमच्या ट्यूबचा उजेड कमी नाहीये, तो एका जागी आहे. 20 वॅटमध्ये दोनेक हजार ल्युमेन मिळतात, एवढ्या खोलीला पुरतात. तेच तीन ठिकाणी वाटा आणि दिव्यांची तोंडं भिंतीकडे, छताकडे करा. भिंत उजळली की खोली मोठी वाटते. अभ्यासाच्या टेबलावर 4000 केल्विनचा म्हणजे पांढरट दिवा, झोपायच्या बाजूला 3000 चा, पिवळसर. छताला पंखा नको. आहे त्या उंचीत पाती डोक्याशी येतील, भिंतीवरचा घ्या.

तुळया मात्र पांढऱ्या करा. जुन्या लाकडाचं मलाही वाईट वाटतं, पण इथं तेच डोक्यावर बसलंय.

आता झरोके. दोन फुटी भिंतीत सरळ भोक असलं की उजेड कडांवरच अडतो. गवंड्याकडून आतल्या अंगानं दोन्ही बाजू आणि खालची कड तिरकी छाटून घ्या, किल्ल्याच्या तटात बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, जंग्या, असतात तशी. वरच्या दगडाला हात लावू देऊ नका. बाहेरून चार इंची कठडा घाला, नाहीतर उजेडाच्या आधी बोळातलं पाणी आत यायचं. आणि काकूंना विचारून समोरच्या भिंतीला चुना द्या. तुमच्या झरोक्यांना आभाळ दिसत नाही, ती भिंत दिसते. तीच पांढरी करा. मग झरोक्यांसमोर एक उभा आरसा.

मूळ लेखिका:
दोघांचेही आभार. पॉलिथीन लावलं होतं, थेंब भिंतीकडच्याच बाजूला आलेत. पेंटरला नको म्हणून कळवलं, तो रुसलाय. काकू तयार आहेत, पण म्हणाल्या, "झरोक्यापुरतंच नको, वरपर्यंत सगळी भिंत रंगवून द्या." म्हणजे दोन मजले! गवंडी रविवारी बघायला येतोय.

आरशाचं तेवढं सांगा. झरोक्यासमोर लावला तर त्यातही चपलाच दिसतील ना?